टीव्हीवरचं शिवार

चित्रकला मला येत नाही. माझ्या बैलात आणि बकरीत फक्त शिंगांचा फरक असतो, हे माझ्या चौथीच्या वर्गाला ठाऊक आहे. तरी ऑनलाइन चित्रकलेच्या प्रशिक्षणाला वाशिमला माझंच नाव गेलं, कारण दुसरं कोणी जायला तयार नव्हतं. तिथल्या सरांनी पडद्यावर एक पांढरं पान दाखवलं. ज्याच्या हातात टॅब, त्यानं त्या एकाच पानावर बोटानं काढायचं आणि सगळ्यांचं मिळून एक चित्र टीव्हीवर दिसणार. यानं मुलांना मिळूनमिसळून काम करायची सवय लागते, असं सर म्हणाले. सर शहरातले होते.

आमचं गाव वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावच्या पुढे. शाळेत टीव्ही आहे, थोडे टॅब आहेत, नेट माझ्या मोबाइलचं. तो खिडकीत ठेवला तरच रेंज येते, म्हणून तासभर मी खिडकीशी राखण करत उभी. माकडांचा भरवसा नाही.

पहिल्या दिवशी पान उघडलं, तर एका पोरानं आधी रेघ ओढली आणि जाहीर केलं, "हा माहा धुरा. इकडं कोनी येऊ नका." धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. मग काय, ज्यानं त्यानं आपापला धुरा टाकला. मिळून चित्र काढणं राहिलं बाजूला, पोरांनी त्या पानाचा सातबारा करून टाकला. मी चिडले. तेवढ्यात एकीनं आपल्या तुकड्यात हिरवा रंग ओतला. तिच्या रेघेत बारीक फट राहिली होती, रंग थेट शेजारच्या तुकड्यात शिरला. शेजारचा म्हणाला, "मॅडम, हिचा धुरा फुटला." आणि दोघांनी मिळून फट बुजवली. रंग असा का सांडतो, हे मला प्रशिक्षणात काही केल्या कळलं नव्हतं.

म्हटलं, असंच आहे तर गावाचं शिवारच काढा. ज्याचं शेत जिथं, तिथं त्यानं काढायचं. ज्याला शेत नाही त्यानं नाला, रस्ता, देऊळ, विहार, काय हवं ते.

वर्गात दोन चुलत बहिणी होत्या. पहिलीपासून एका बसकरपट्टीवर बसायच्या, एका डब्यात खायच्या. वाटणी झाल्यावर त्यांच्या बापांचा धुऱ्यावरून वाद पेटला. धुऱ्यावर एक जुना कडुनिंब आहे, तो कोणाच्या हद्दीत, हा मुद्दा. मोजणीचा अर्ज झाला, तो वाद अजून मिटलेला नाही. दोघे भाऊ वेगवेगळे शाळेत आले आणि मला शब्दाला शब्द तेच बोलले, "मॅडम, आमच्या पोरीले तिच्यापाशी नका बसवू." जगात तेवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत होतं. पोरी दोन कोपऱ्यांत गेल्या. थोरल्या भावाची मुलगी त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत डबा उघडेना, आणि घरी जाताना तो तसाच घेऊन जायची. मला फार वाईट वाटायचं आणि रागही यायचा, पण मी परकी बाई, बोलणार काय.

शिवाराच्या चित्रात दोघींची शेतं शेजारी आली. मी खिडकीशी उभी राहून टीव्ही बघत होते. धुऱ्यावर एक खोड उभं राहिलं, मग त्यावर पाला येऊ लागला. खोड एका कोपऱ्यातून येत होतं, पाला दुसऱ्यातून. वर मान करून एकीनंही दुसरीकडे पाहिलं नाही. पाला संपला तेव्हा थोरल्याच्या मुलीनं झाडाला झोका बांधला. मी मोबाइलकडे बघत राहिले. बोलले असते तर पोरी बिचकल्या असत्या.

पालकसभेला ते शिवार टीव्हीवर लावलं. मुलं टॅब घेऊन आपापल्या जागी बसलेली, बाप-माय मागं. लोक खुशीत आपापली शेतं ओळखत होते. थोरला भाऊ मात्र उठून टीव्हीपाशी गेला आणि बोटानं धुरा तपासू लागला.

"हा निंब तिकडं काहून गेला? आमच्यात हाय तो."

"तो आमच्यातच हाय," धाकटा मागून म्हणाला.

मी सांगितलं की हे चित्र आहे, नकाशा नाही. पण ऐकतो कोण. थोरला मुलीला म्हणाला, "सरकव तो इकडं."

त्या पानावर ज्यानं जे काढलं तेवढंच त्याला हलवता येतं. मुलीनं बोट फिरवलं. खोड आणि झोका सरकून त्यांच्या शेतात आले, पाला जिथल्या तिथं हवेत राहिला.

"मंग तू आपल्याकडं ओढ," धाकट्यानं आपल्या मुलीला फर्मावलं. तिनं ओढला, तर नुसता पाला त्याच्या शेतात जाऊन पडला.

लोक हसले. मग हसणंही थांबलं, कारण टीव्हीवर एका शेतात बोडखं खोड होतं आणि दुसऱ्यात पाल्याचा ढीग. मलाही ते बघवेना.

"अशानं झाड कसं होईन?" थोरला पोरीवर खेकसला. "नीट कर."

मुलगी उभी राहिली. टॅब तिनं पोटाशी धरला होता. "बाबा, माह्या एकटीच्यानं नाही होत. पाला तिचा हाय. मले तिच्यापाशी बसा लागते."

थोरल्यानं भावाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. टीव्हीवरच्या त्या बोडख्या खोडावर त्यानं बोट टेकवलं.

"मंग जा ना," तो म्हणाला. "उभी कायले राह्यली?"

पलीकडच्या कोपऱ्यातली पोर कधीच पट्टीवर सरकून जागा करून बसली होती.