साखरेचं कुलूप

आमच्या घरात दाराला कुलूप नव्हतं, साखरेला होतं. चोरानं न्यावं असं घरात दुसरं काही नव्हतंच. वडील हुबळीच्या दाजीबानपेठेत कापडाचे गठ्ठे वाहायचे, आम्ही भावंडं गुळाच्या चहावर वाढलो, आणि साखर फक्त पाहुण्यांसाठी. किल्ली कायम आईच्या कमरेला. अशा घरात मी बी.ए. झालो. गल्लीत पहिला. (तेव्हापासून माझं ऐकायचं अशी घरात पद्धत पडली. पुढचं सगळं त्यातूनच झालं.)

माझी मुलगी सुजाता आठ वर्षांची असताना वाळत चालली. सारखी पाणी प्यायची. एके सकाळी हलवलं तरी उठेना. देशपांडे नगरातल्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, "साखरेचा रोग. रोज इंजेक्शन, जन्मभर."

आई भिंतीला टेकून खाली बसली. "आमच्या सात पिढ्यांत कुणी मन भरून साखर खाल्ली नाही, आणि हिला साखरेचा रोग? कुणी दिली हिला?"

आम्ही एकमेकांकडे बघू लागलो. आईनं कमरेची किल्ली चाचपली.

डॉक्टर पुढं म्हणाले, "इंजेक्शनामुळं कधी रक्तातली साखर एकदम उतरते. घाम सुटेल, हात थरथरतील, बोलायची बंद होईल. तेव्हा लगेच साखर द्या. उशीर झाला तर पोरगी हातातून जाईल. शाळेत एक डबा ठेवा."

शाळेच्या हेडबाई तिला ठेवून घ्यायला तयार नव्हत्या. "एवढ्या पोरांत हिच्याकडे कोण बघणार? डबा ठेवते. पण इथं एकदा जरी पडली तर नाव काढून घरी न्या."

म्हणजे पोरीचा जीव आणि पोरीची शाळा, दोन्ही त्या डब्यावर. असलं काम शिकलेल्या माणसानंच करायला हवं, म्हणून बायकोला बाजूला सारून डबा भरायला मी बसलो. ग्लुकोजची पूड, बिस्किटं, धारवाडचे पेढे. आईनं जन्मात पहिल्यांदा कुणी न मागता साखरेचं कुलूप काढलं आणि मूठ मूठ साखर स्वतः भरली. तेच कुलूप मी शाळेच्या डब्याला लावलं.

"अहो, घाईला लागणाऱ्या डब्याला कुलूप कशाला?" बायकोनं विचारलं.

"आत पेढे आहेत. वर्गात चाळीस पोरं आहेत."

"मग पेढे काढा."

इतक्या साध्या उपायाची माझी तयारी नव्हती. "तुला नियोजन कळत नाही," मी म्हणालो. (हा शब्द कचेरीत नुकताच शिकलो होतो.)

आत साखर आहे असं कळलं तर पोरं कुलपालाही जुमानणार नाहीत. म्हणून आत काय आहे ते हेडबाईंनाही सांगितलं नाही, आणि झाकणावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत सुवाच्य अक्षरात लिहिलं : "तातडीचं औषध. याखेरीज तोंडात काहीही घालू नये."

सोमवारी सकाळी डबा शाळेत नेला. हेडबाई यायच्या होत्या. शिपायानं हात पुढं करून कन्नडमध्ये किल्ली मागितली, "कीली कोड्री, सर." साखरेची किल्ली परक्याच्या हाती? मी माझ्या आईचा मुलगा होतो! संध्याकाळी बाईंनाच देऊ, असं ठरवून किल्ली खिशात घातली आणि कचेरीला जायला नवनगरची बस धरली.

दुपारी कचेरीत फोन आला. हेडबाई होत्या. "सुजाता कवायतीत पडली. घामानं भिजलीय, बोलत नाही. किल्ली कुठाय?"

"माझ्या खिशात."

पलीकडून दगडाचे आवाज येत होते. शिपाई कुलपावर घाव घालत होता. कुलूप आईनं पारखून घेतलेलं.

"तोवर दुसरं काही देऊ? चहा?"

"नको, नको. फक्त डब्यातलं औषध. मी निघालोच."

"अहो, पण औषध कसलं? इथल्या दुकानातून आणवते."

"साखर."

"काय?"

"साखर. आपली, चहाची."

बाईंनी फोन आदळला. शेजारच्या खोलीत मास्तरांच्या चहाच्या स्टोव्हजवळ बरणीभर साखर होती, हे मला मागाहून कळलं. पण तिन्ही भाषांतला माझा हुकूम कोण मोडणार?

बसमध्ये मी किल्ली मुठीत धरून उभा होतो. कंडक्टरनं कुठं जायचं विचारलं, मी त्याला किल्ली दाखवली. हुबळी येईपर्यंत माझ्या मनात पोरगी मेली होती, पांढऱ्या कापडात गुंडाळून झाली होती, आणि आईला काय सांगायचं याची मी वाक्यं जुळवत होतो. एका भाषेतही जुळेनात.

शाळेत शिरलो तर सुजाता बाकावर भिंतीला टेकून बसलेली. केसांतून पाणी गळतंय, ओठांवर साखर, फ्रॉकवर साखर, आणि मुंग्या चढायला लागलेल्या. जिवंत. मला बघून हळूच म्हणाली, "अप्पा, तुम्ही ऑफिसला जावा."

हेडबाईंनी पोचे पडलेला डबा टेबलावर ठेवला. कुलूप शाबूत होतं. "वस्तू मात्र चांगली घेतलीय हो तुम्ही."

मी हात जोडले. "बाई, तिचं नाव काढू नका. चूक पोरीची नाही."

"ते दिसतंय मला. पोरगी शाळेत राहील. डबा यापुढं तिच्या आईनं बांधायचा. तुम्ही फाटकाबाहेर उभं राहायचं."

सुजाता त्याच शाळेतून दहावी झाली आणि पुढं धारवाडला बी.एस्सी. झाली. आता आमच्या घरात पदवीधर दोन आहेत, आणि त्यांतला अडीअडचणीला उपयोगी पडेल असा एकच.