ऑर्विलने न स्वीकारलेली फेरी

मार्लिस ट्वेट हट्टी होती, पण तिचा हट्ट बहुधा दुसऱ्यांसाठी असे. अमेरिकेतल्या डुलुथ शहरातल्या एका छोट्या संस्थेची वेबसाइट ती एकटी सांभाळायची. डायलिसिसच्या रुग्णांना संस्थेचे स्वयंसेवक स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेत. फेरी ठरली की सगळ्या चालकांना मेल जाई आणि जो आधी होकार देईल त्याच्या नावावर ती लागे.

चालक बहुतेक सत्तरी ओलांडलेले. पासवर्ड, मग पान, मग बटण, एवढ्यात ते घायकुतीला येत. म्हणून मार्लिसने मेलमध्येच लिंक दिली. ती उघडली की होकाराची नवी नोंद तयार! वेबसाइट ज्या तयार सांगाड्यावर, म्हणजे फ्रेमवर्कवर, उभी होती त्याचा दंडक साधा होता: लिंकने फक्त दाखवावं, नवी नोंद करायची तर बटण दाबायला लावावं. दंडक तिला तोंडपाठ होता. तिने त्याला बगल दिली.

"लिंक बघायला असते, मार्लिस," सोबतीण केझियाने तेव्हाच टोकलं होतं. "दारावरची पाटी वाचली म्हणून कोणी घर विकत घेतं का?"

"आमच्या म्हाताऱ्यांनी बटण शोधेपर्यंत सुपीरियर सरोवरावरचं बर्फ वितळेल!"

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं, आणि हेच वाईट झालं.

मग जानेवारीत एका गुरुवारी आयोला कांगस ही रुग्ण कोट चढवून खिडकीत बसून राहिली. चालक ऑर्विल नीमी नेणार, असा निरोप तिला आला होता. ऑर्विल आलाच नाही. डायलिसिस चुकलं, फुप्फुसात पाणी भरलं, चार दिवस ती इस्पितळात पडून होती. संस्थेने ऑर्विलला नोंद दाखवली: बुधवारी सकाळी नऊला त्याचा होकार. त्याला काही म्हणजे काही आठवेना. त्याची बायको आर्डिस अशीच एकेक गोष्ट विसरत गेली होती. त्याने वाद घातला नाही. किल्ल्या मुलीच्या, लिनेयाच्या, हातात ठेवल्या. तिने गाडी विकली आणि वृद्धाश्रमात खोली घेतली. सोमवारी तो जायचा होता.

मार्लिसला मात्र चैन पडेना. त्याआधीच्या शुक्रवारी तिने जुन्या नोंदी उपसल्या. मेल गेला नऊ वाजता, होकार आला एका सेकंदात. एका सेकंदात ऑर्विलला चष्मासुद्धा सापडत नाही! चुकलेल्या फेरीच्याच आठवड्यात लिनेयाने वडिलांच्या मेलवर फसवणूक रोखणारा पहारेकरी प्रोग्राम बसवला होता; तिनेच ते बोलता बोलता मार्लिसला सांगितलं होतं. तो आलेली प्रत्येक लिंक आधी स्वतः उघडून तपासायचा. ऑर्विलने तो मेल पाहिलाही नव्हता.

ती तडक त्याच्या घरी गेली. सामानाची खोकी दारातच होती.

"तुम्ही काही विसरला नाहीत. चूक माझी आहे," तिने सगळं सांगितलं.

ऑर्विलने शांतपणे ऐकून घेतलं. "तू गुणाची आहेस, पोरी. पण असली समजूत नको घालूस. आर्डिसलाही आम्ही असंच सांगायचो, तू नाही विसरलीस, घड्याळच बंद पडलंय म्हणून."

मार्लिसचे डोळे भरून आले. तिने लॅपटॉप उघडला, त्याचं नाव पुन्हा यादीत घातलं आणि एक खोटी फेरी रचून त्यालाच मेल धाडला.

"आता हात मांडीवर ठेवा. मीही ठेवते."

दोघं नुसतीच बघत बसली. पडद्यावर ओळ उमटली: फेरी स्वीकारली, ऑर्विल नीमी.

त्याने ती दोनदा वाचली. आपल्या हातांकडे पाहिलं.

"परत कर," तो म्हणाला. तिने परत केलं. परत तेच.

"मला माफ करा, ऑर्विल. आयोलालाही मी..."

"माफीचं मागाहून बघू." त्याने फोन तिच्यापुढे सरकवला. "आधी लिनेयाला सांग. माझ्या तोंडून आता तिला काही खरं वाटत नाही."