आत्यांची उदबत्ती आणि हवेतली तान्ही बाळं

"खेड्यात काय, नुसता धूर आणि धूळ." हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सोडून दिलं. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली, ती अजून उतरलेली नाही.

मी तालुक्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. राहते अणदूरजवळच्या आमच्या शेतात, सासूबाईंसोबत. त्यांना मी आत्या म्हणते. मोठ्या शहरातल्या एका संस्थेचं हवेतले कण मोजायचं यंत्र आमच्या विहिरीवरच्या पत्र्याच्या खोलीत बसलं ते माझ्या खटपटीनं. ते धुराधुळीचं वाक्य तिथल्या साहेबांनी तेव्हाच पहिल्यांदा ऐकवलं होतं. त्यांच्या नकाशावर आमचा सगळा भाग कोरा होता. पावसाळ्यानंतरच्या एका हंगामाचे आकडे टिकले असते, तर आमच्या जागेवर निदान एक ठिपका पडला असता. मला तेवढंच हवं होतं.

हवेतला प्रत्येक कण काही जमिनीवरून उडालेला नसतो. काही कण हवेतच जन्मतात. गंधकाचे वायू, गोठ्यातून आणि युरियातून उठणारा अमोनिया, झाडापाल्याची वाफ यांच्यावर ऊन पडलं, की त्यातले रेणू एकमेकांना धरतात आणि डोळ्याला कधीच न दिसणारा कण तयार होतो. तो दिवसभर वाढतो. त्यातले काही इतके वाढतात, की पुढं ढगाचा थेंब त्यांच्यावरच धरतो. पण हे व्हायला हवा स्वच्छ लागते. धूर असला की ती वाफ धुराच्या मोठ्या कणांवर जाऊन चिकटते आणि नवे कण होतच नाहीत.

आत्यांना मी सांगितलं होतं, मोठी भावंडं आधीच जेवून गेली तर तान्ह्याला काय राहणार?

"म्हंजी बाळं हायत म्हण की हवेतली," त्या म्हणाल्या. तेव्हापासून त्या यंत्राला जपायला लागल्या. खोलीपुढं सडा मारायच्या, कोंबड्या हाकलायच्या. संध्याकाळी मी एसटीतून उतरून घरी आले की पहिला प्रश्न, "आज झाली का बाळं?" ऊन स्वच्छ पडलेलं असलं की झालेली असायची. पडद्यावर सकाळी खालून निघालेला पट्टा केळ्यासारखा वाकत वर चढलेला दिसायचा. मी त्यांना तो दाखवायची आणि आम्ही दोघी खूश.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं घरात राबणारं एकही अवजार बिनपूजेचं राहत नाही. विळे, खुरपी, पाण्याची मोटर, ट्रॅक्टर, सगळं धुऊनपुसून हळदीकुंकू झालं. मी कॉलेजात होते. यंत्र तर घरात सगळ्यांत जास्त राबणारं, रात्रंदिवस चालू. ते कसं वगळायचं? आत्यांनी त्याला झेंडूची माळ घातली आणि खिडकीतून बाहेर गेलेल्या त्याच्या हवा ओढायच्या नळीला उदबत्त्यांचा जुडगा ओवाळला. बरं, चांगला सावकाश ओवाळला.

त्या दिवशी पडद्यावर धुराचे मोठे कण उसळलेले दिसले आणि नवा कण एकही नाही. मला हसू आलं. मी संस्थेला कळवलं, अशी अशी पूजा झाली, आजचा दिवस गाळा. असले दिवस सगळीकडंच गाळतात. संपला विषय.

कुठला संपतोय! पुढच्या ऑनलाइन बैठकीत तिथले साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, सासूबाईंना सांगा, देवघर वेगळं आणि प्रयोगशाळा वेगळी." पडद्यावरच्या चौकटीचौकटीतून लोक हसले. मग म्हणाले, तुमच्याकडं रोजच काही ना काही पेटत असणार, म्हणून हा सगळा हंगामच बाद. खेड्यात काय, नुसता धूर आणि धूळ.

मी म्हटलं, साहेब, धूर असला की नवे कण होत नाहीत हे तुम्हीच शिकवता. आमच्याकडं रोज धूर असता तर रोजचा हा पट्टा आला कुठून? पूजेच्या दिवशी तो नव्हता, हाच तर पुरावा आहे. ते म्हणाले, "बघू." बघितलं काही नाही. एवढा शिकलेला माणूस, समोरचा आलेख वाचायच्या आधी गावाचं नाव वाचतो. त्यांच्या शहराच्या नाक्यानाक्यावर वाहनं धूर ओकतात, तिथले आकडे मात्र चालतात. नाकानं कांदे सोलावेत तर ह्यांनीच. आठवडाभरात गाडी आली, यंत्र उचलून गेली. आमचा भाग कोराच राहिला.

आत्यांनी गाडी जाताना विचारलं, "माझ्यामुळं नेलं व्हय गं?"

"न्हाय आत्या. त्यांच्या मनातच नव्हतं," मी म्हटलं. त्यांनी रिकाम्या खोलीचं दार ओढून घेतलं. मला वाटलं, पटलं असेल.

पुढच्या खंडेनवमीला मी मुद्दाम रजा टाकली. आत्यांनी विळे पुजले, मोटर पुजली, ट्रॅक्टरला माळ घातली. मग विहिरीवरच्या खोलीत गेल्या. यंत्राच्या रिकाम्या जागेला त्यांनी हळदीकुंकू वाहिलं आणि उदबत्ती न पेटवता नुसतीच ओवाळली.

"पेटवा की आत्या," मी म्हटलं.

"नगं. बाळं व्हत न्हाईत म्हणलीस न्हवं धुरानं," त्या म्हणाल्या.

तो साहेब त्या घडीला समोर असता तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही. मी आत्यांच्या हातातली उदबत्ती घेतली, काडी ओढून पेटवली आणि परत त्यांच्या हातात दिली.