अण्णांच्या घराची पाटी

तंजावुरात जन्मलेल्या समस्त मराठी माणसांत माझा जळफळाट करण्याची ताकद फक्त एकात आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला, हे माझं नशीब. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात, अण्णा तरंगंबाडीला गेले आणि थेट समुद्राला लागून जागा घेऊन बसले. जागा कसली, चिंधी! लांबीला भरपूर, रुंदीला बैलगाडी कशीबशी जाईल एवढी. तिच्यावर त्यांनी घर बांधलं, सगळ्या खोल्या एकामागे एक. घरातल्या बोळात दोघं समोरासमोर आले तर एकानं मागं सरायचं, आणि अण्णांचा कायदा असा की समुद्राकडे जाणाऱ्याला आधी वाट. कपाट दारातून जाईना, ते गच्चीवरून दोरानं आत सोडलं. अण्णा शिंकले की पलीकडच्या घरातली म्हातारी 'शतायुषी हो' म्हणते. मला तर माझ्या पोटामुळे आडवंच शिरावं लागतं.

हसा, मीही हसतो. पण मे महिन्यात तंजावूर तापतं, माझ्या ऐसपैस घराच्या खिडकीतून शेजाऱ्याची पाण्याची टाकी दिसत असते, आणि नेमका तेव्हा अण्णांचा फोन येतो. "ऐक," म्हणतात आणि फोन समुद्राकडे धरतात. बायको आवाज मोठा करून लाटा ऐकत बसते. मग माझ्याकडे अशी बघते, जणू समुद्र मीच तंजावुरापासून लांब नेऊन ठेवलाय. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो.

गृहप्रवेशाच्या दिवशी मात्र देव मला पावला. घराला 'सागर' नाव द्यायचं, तेही आपल्या मराठी अक्षरांत, असा अण्णांचा हट्ट. आता ती अक्षरं त्यांना येत नाहीत; पिढ्यान्पिढ्या तमिळ शाळांत शिकलेल्या आमच्यातल्या बहुतेकांना येत नाहीत. त्यांनी नाव तमिळमध्ये लिहून रंगाऱ्याला दिलं. तमिळमध्ये 'स' आणि 'च' यांना एकच अक्षर, 'ग' आणि 'क' यांनाही एकच. रंगाऱ्यानं आपल्या अकलेनं निवड केली आणि दारावर सोनेरी रंगात, वेलबुट्टीसकट लिहिलं: 'चाकर'. शाळेत हिंदीच्या परीक्षा दिल्यामुळे ते वाचू शकणारा तिथं मी एकटाच. मी चकार शब्द काढला नाही. तेव्हापासून दर खेपेला आधी पाटी वाचायची, मन भरून गार व्हायचं आणि मगच आडवं होऊन आत शिरायचं, असा माझा नेम झाला.

परवा गेलो तर खाऱ्या वाऱ्यानं पाटीचा रंग उडालेला, आणि अण्णा या वयात शिडीवर चढून तीच अक्षरं पुन्हा गिरवत होते. मला बघवेना. म्हटलं, "अण्णा, थांबा. ते सागर नाही, चाकर लिहिलंय."

"ठाऊक आहे रे," हात न थांबवता ते म्हणाले. पहिल्याच वर्षी पुण्याचा कुणी पाहुणा सांगून गेला होता म्हणे.

"मग बदललं का नाही?"

"तू येतोस, पाटी बघतोस आणि हसतोस. या घरातलं तुला आवडलेलं तेवढंच एक. ते कसं पुसू?"

मी शिडी धरून उभा राहिलो. त्या समुद्राचा हेवा काही माझ्या मनातून जायचा नाही. पण त्या दिवशी समुद्राकडे माझी पाठ होती, आणि मी जळत होतो तो शिडीवरच्या माणसावर.