सतरा सेंटिमीटर रुंदीचा आलेख

मी भूजलशास्त्र शिकले आहे. जे मोजता येत नाही त्यावर मत देऊ नये, ही आमची शिस्त. त्यामुळे या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव मी आजवर केवळ करमणूक म्हणून वाचले. आता स्वतःचा लिहिताना संकोच वाटतो...

वसईजवळ पापडीतल्या बागायती वाड्यांच्या विहिरींत खाडीचे पाणी किती शिरते, हा माझ्या शोधनिबंधाचा विषय होता. परदेशातला पीएचडीचा प्रवेश त्यावर अवलंबून होता. सगळा भार एका विहिरीवर — तिथले एक म्हातारे वाडीमालक, थॉमस अंकल, यांच्या. दर रविवारी चर्चमधली मिसा आटोपून ते क्षारतेचा मीटर पाण्यात बुडवत आणि व्हॉट्सअॅपवर आकडा पाठवत. वर लिहीत, "पोरी, विहिरीचा ताप बघितला."

वर्ष पुरे व्हायला सहा रविवार उरले असताना अंकल गेले. त्या घरी जाऊन मीटर मागणे मला जमले नाही. नोंदी थांबल्या.

निबंध सोमवारी पाठवायचा होता. गुरुवारी दुपारी मी आलेख फाइलमध्ये काढायला बसले. जर्नलची अट होती — स्क्रीनशॉट नको. रुंदी सतरा सेंटिमीटर, सहाशे डीपीआय. माझ्या प्रोग्रॅमला रुंदी इंचांत लागते. घाईत मी सतराच टाकले आणि मुंगीएवढ्या अक्षरांची अवाढव्य फाइल मिळाली. मग ६.६९ टाकले. आकृती नेमकी हवी तशी आली... फक्त अंकलची रेषा थांबत नव्हती.

स्क्रीनवर ती त्यांच्या शेवटच्या रविवारी संपत होती. फाइलमध्ये पुढे सहा बिंदू होते, आठवड्याला एक, चढत जाणारे. सहावा येत्या रविवारचा होता — २.६४.

डेटात तशा ओळी नव्हत्या. दुसऱ्या कोणत्याही आकारात ते बिंदू उमटत नव्हते.

"जुनी फाइल उघडली असशील," प्रयोगशाळेतला सहकारी निखिल म्हणाला. "आणि भूत असेल, तर सहलेखक म्हणून नाव टाक त्याचं."

"तुझ्या लॅपटॉपवर चालवून बघ."

त्याने चालवला. त्याच्याकडेही तेच सहा बिंदू उमटले.

रविवारी मी पापडीला गेले.

"मीटर त्यांच्या कपाटात हाय," अंकलच्या पत्नी, आंटी, म्हणाल्या. "सेल मीच काढून ठेवले. त्यांच्यामागे कोनी हात नाय लावला."

मी नवे सेल घातले, प्रमाण द्रावणात मीटर तपासला आणि विहिरीत सोडला. २.६४.

"वाढलंय?" आंटींनी विचारले.

"हो."

"ते बोलायचे, वाढनार म्हणून." त्या आत गेल्या.

मधले पाच आकडे डेटात भरले असते, तर कोणी विचारले नसते. निबंध पूर्ण झाला असता, आणि बहुधा खराही ठरला असता. पण ते कोणी मोजले, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी स्वतः मोजलेला एकच आकडा दिला. त्या पाच आठवड्यांच्या खंडावर बोट ठेवून परीक्षकांनी निबंध परत केला. प्रवेशही गेला.

निखिलने आणि मी प्रोग्रॅमची ओळ न् ओळ तपासली आहे. कारण सापडलेले नाही. सापडेल असे आता वाटतही नाही. ते पाच आकडे मी कुठेही लिहून ठेवलेले नाहीत... तरी मला पाठ आहेत.