निळे खुंट

ती घटना आठवली की आजही आधी निळा रंग डोळ्यांसमोर येतो. चंदगड तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. पावसाळा सरत आला होता, तरी रेनकोट वाळत नव्हता. एका सकाळी ठाण्यात निनावी फोन आला. देवराईतली जांभळाची पाच जुनी झाडं पाडलीत, धनगरवाड्यावर जाऊन कुऱ्हाडी बघा, एवढं बोलून फोन बंद.

देवराई म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान. तिथली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, हा गावाचा कायदा. आमच्या कायद्यापेक्षा तो जास्त पाळला जातो, हे कबूल करतो. जमीन देवस्थानची, म्हणून चोरीचा गुन्हा आमच्याकडे नोंदला गेला.

पंचनाम्याला गेलो तर पाचही खुंटांना वरून निळा रंग फासलेला. "तस्करांची खूण असणार, साहेब," हवालदार म्हणाला. मीही तसंच लिहून घेतलं. पंच म्हणून गावातला एक माणूस उभा केला. काजूच्या बागांची छाटणी करण्यात त्याचा हात धरणारा चार गावांत कुणी नव्हता. त्यानं मुकाट्यानं सही केली.

देवराईला लागून धनगरांची सात घरं. त्यातल्या एका म्हाताऱ्याकडे कुऱ्हाड सापडली. रानातल्या कुठल्या घरात कुऱ्हाड नसते, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. दोन दिवस त्याला सकाळी बोलावून संध्याकाळपर्यंत ठाण्याच्या बाकावर बसवलं. सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर, "म्या न्हाय तोडलं, सायेब." तिकडे गावात वाडा उठवायची मागणी सुरू झाली होती. गुन्हा त्याच्यावर लागता, तर सातही घरांना रान सोडावं लागलं असतं.

तिसऱ्या दिवशीही तो बाकावर होता, आणि त्याची बायको भाकरी घेऊन आली. मी मोबाइलवर खुंटांचे फोटो बघत बसलो होतो. तो निळा रंग काही केल्या डोक्यातून जाईना. तस्कर खूण करतो ती तोडायच्या आधी. तोडून झाल्यावर कशाला?

म्हातारीनं वाकून पाहिलं. "औषध लावलंय न्हवं का!"

"कसलं औषध?"

"निळं मोरचूद आन् चुना. काजूची फांदी छाटली की लावत्यात. जखम कुजत न्हाय, नवा फुटवा येतोय. आमच्याकडं कुठलं आलंय, आमचा काजू न्हाय की काय न्हाय."

मी उठलोच. झाड चोरणारा त्याला मलम कशाला लावेल? देवराईत जाऊन रंग खरवडला. खाली करवतीचा सपाट काप, कुऱ्हाडीचा घाव कुठेच नाही. हे पंचनाम्याच्या दिवशीच बघितलं असतं तर म्हाताऱ्याला बाकावर बसावं लागलं नसतं.

मग पंचाला बोलावलं. दम दिला नाही, चहा दिला. विचारलं, "ती जांभळं परत फुटतील का हो?"

त्याचा चेहरा उजळला. "फुटतील की! मुळं जित्ती हायत. फकस्त दोन वरसं गुरं आत सोडू नगासा. आन् लई फुटवं आलं तर जोरकस एकच ठेवायचा, बाकीचं म्या येऊन..." तो थांबला. कप खाली ठेवला.

मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला. चौकशीत कधी कधी तेवढंच काम असतं.

"रस्त्याचा ठेकेदार म्हणाला, देवाचा कौल घेतलाय, रस्ता गावासाठीच हाय. म्हणून तोडली. पन जीव घ्यायला हात धजला न्हाय, सायेब."

ठेकेदाराला देवराईतून पलीकडच्या स्वतःच्या प्लॉटपर्यंत वाट हवी होती. दिवसभर रानात वावरणारे धनगर त्याच्या डोळ्यांत सलत होते. निनावी फोन त्याच्याच मोबाइलवरून आलेला निघाला, आणि लाकूड त्याच्या शेडमध्ये मिळालं. कौल वगैरे कुणी घेतलाच नव्हता. दोघांवर गुन्हा लावला. छाटणीवाल्याचा मला जास्त राग आला. झाडाची दया आली, पण म्हाताऱ्याला बाकावर बसवलंय हे कळूनही याला वाचा फुटली नाही.

कुऱ्हाड परत द्यायला वाड्यावर गेलो. म्हातारीला म्हणालो, "तुमच्यामुळं उलगडलं."

"पयल्या दिशी इचारलं असतंसा, तर पयल्या दिशीच सांगितलं असतं," ती म्हणाली. "तुमी कुऱ्हाड कुठं हाय इचारलंसा. झाडाचं काय इचारलंच न्हाय."

तेव्हापासून रानातल्या गुन्ह्यात मी पहिला जबाब रानात राहणाऱ्याचा घेत गेलो, साक्षीदार म्हणून. देवराईच्या राखणीच्या समितीवर धनगरांची दोन माणसं घ्यायला गावालाही मीच भाग पाडलं. म्हाताऱ्याची माफी मात्र त्या दिवशी माझ्याच्यानं मागवली नाही. वर्दी आडवी आली.

निवृत्त झाल्यावर शहरातल्या घरून निघालो, चंदगडची एसटी धरली आणि वाड्यावर जाऊन हात जोडले. म्हाताऱ्यानं मला ओळखलं. घोंगडं झटकून अंथरलं.

"बसा, पावणं," तो म्हणाला. "ताक घ्या."