बाबांच्या कपाळामागे

दिल्लीतल्या आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही गुडगावच्या नव्या फ्लॅटमध्ये आलो आणि निवृत्त बाबा बदलले. जन्मभर एकाच साबणाने अंघोळ आणि दाढी करणारा हा माणूस रोज मॉलमध्ये आइस्क्रीमसाठी हटून बसायचा. लिफ्टमध्ये परक्या बायकांना "बहुत मोटी हो आप" म्हणायचा. सोसायटीभोवती सतत फेऱ्या, मागोमाग मी. गुडगावचं वारं लागलं, असं सगळेच म्हणायचे. देशाच्या बाजारपेठेबरोबर बाबाही खुले झाले, हा माझा विनोद पाहुण्यांत छान खपायचा.

आईला हसू येत नसे. मामा गेल्याचा फोन आला तेव्हा ती रिसीव्हर धरून मटकन खाली बसली. टीव्हीवरची नजर न काढता बाबांनी विचारलं, "मग आज जेवण नाही का?" त्यानंतर तिने त्यांच्याशी बोलणंच टाकलं. पुण्याला मावशीकडे कायमचं जायचं ठरवलं. "माणूस कळायला जन्म गेला माझा," म्हणाली. मला दोघांचाही संताप यायचा.

डिप्रेशनच्या गोळ्यांनी काही झालं नाही. दुसऱ्या डॉक्टरांना डिमेन्शियाची शंका आली, तर मी त्यांच्याशीच भांडले. सगळ्या नातेवाइकांचे फोन नंबर बाबांना तोंडपाठ होते! तरी एमआरआय करायचं ठरलं. बाबा मशीनमध्ये स्वस्थ पडेनात, शेवटी झोपेचं औषध द्यावं लागलं. बाहेर मी येरझारा घालत होते. रिपोर्ट आला की निघायचं, म्हणून आईने बॅग भरून ठेवली होती.

डॉक्टरांनी आम्हा दोघींसमोर फिल्म उजेडावर धरली. वाळलेल्या नारळात खोबरं करवंटीपासून सुटतं, तसा मेंदू कपाळामागे आक्रसला होता. "ये डिमेन्शिया कम देखने को मिलता है," ते म्हणाले. "इसमें याददाश्त बाद में जाती है. पहले शर्म-लिहाज़ जाता है, दूसरे का दुख समझना जाता है."

मला रडू फुटलं, आणि खरं सांगते, हायसंही वाटलं. आता आई जाणार नाही.

"कब से है ये?" आईने विचारलं.

"फिल्म से पक्का नहीं बता सकते. कई साल हुए होंगे."

तिने फिल्मवर कपाळामागच्या त्या फटीवर बोट टेकवलं. मग माझ्याकडे वळली.

"दादा गेल्याच्या फोनचं सोडलं मी. पण तू झालीस तेव्हा मुलगी म्हणून हे दवाखान्यात फिरकले नव्हते. तेही यातच धरू का गं?"